सुलीला मारलेली हाक

मेधाताई,

तू गेलीस हे मला बोईसर स्टेशनबाहेर शेअर रिक्षात कळलं. आम्ही तिघी आत बसलो होतो, रिक्षावाला चौथ्या गिऱ्हाइकासाठी ओरडत होता आणि माझ्या फोनवर निरोप आला. माणूस गेल्याचं कळलं की आधी रडू येत असेल असं मला वाटायचं. मला आधी राग आला. मनात पहिलं वाक्य उमटलं ते हे: हिचं ते बदलायचं राहिलं, आणि आता ते कोणीच बदलणार नाही.

रडू नंतर आलं. रिक्षा निघाली, कारखान्यांकडून तो आंबूस वास आला, सगळ्यांनी नेहमीसारखे रुमाल आणि ओढण्या नाकाला लावल्या. त्यात माझंही रडणं झाकलं गेलं.

तुझ्याबद्दल लोक काय काय लिहितायत ते मी वाचते आहे. हुशार होतीस, दिलदार होतीस, मराठी टीव्हीवर असं विज्ञान कोणी आणलं नव्हतं. सगळं खरं आहे. त्यांनी ते लिहिलंय म्हणून मला ते लिहायची गरज नाही. माझ्याकडे आपलं भांडण आहे, आणि ते अर्धं राहिलं आहे.

तुला मी पहिल्यांदा पाहिलं ते कॉलनीच्या लायब्ररीत. शास्त्रज्ञांच्या त्या कॉलनीत मी फक्त शाळेपुरती यायची. गेटवर बस थांबायची, पहारेकरी आत डोकावायचा, मग झाडांच्या रांगा आणि एकसारख्या इमारती सुरू व्हायच्या. वर्गात नवीन कोणी आलं की एकच प्रश्न असायचा, तुझे बाबा कुठल्या डिव्हिजनला? मी म्हणायची, माझे बाबा कुंभवलीला कंपनीत आहेत. समोरचा 'अच्छा' म्हणायचा आणि त्या 'अच्छा'नंतर काही यायचं नाही. म्हणून मी बोलणंच कमी केलं. शाळेत इंग्रजी, घरी आमची बोली, आणि पुस्तकातली मराठी या दोन्हींच्या मधे कुठेतरी.

तू तेव्हा इंजिनीअरिंग अर्धवट सोडून घरी आली होतीस. शनिवारी लायब्ररीत मुलांना गोष्टी लिहायला शिकवायचीस. खरं तर कॉलनीत तुझ्याबद्दल हळू आवाजात बोलायचे, इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाची मुलगी आणि हे काय. मी खिडकीजवळ बसून राहायची. कितीतरी शनिवार मी एक शब्द बोलले नाही आणि तू मला एकदाही बोलायला लावलं नाहीस. एकदा नुसतं पुस्तक समोर ठेवलंस आणि म्हणालीस, "आवडलं नाही तर परत आणू नकोस, कोणालातरी देऊन टाक." मी ते परत आणलं. पुढचं घेऊन गेले. मी आज मराठीत लिहू शकते ती त्या कपाटामुळे. हे मी तुला कधी म्हणाले नाही. तेही राहिलंच.

मग 'मागचे आवाज' ही तुझी टीव्ही मालिका आली. समुद्रकाठी शास्त्रज्ञांचं एक शहर. तिथे एक यंत्र बनतं, दगडांनी पूर्वी ऐकलेले आवाज परत काढणारं. शास्त्रज्ञ ते चालू करतात आणि त्यांना त्यांच्या आधी त्या जमिनीवर राहून गेलेल्या माणसांची बोलणी ऐकू येतात. गाई हाकणं, बाजारातली घासाघीस, बाळाला झोपवणं. शास्त्रज्ञ ते सगळं साठवतात, त्यांचे तक्ते करतात, आणि ही माणसं कोण होती हे एकजणही विचारत नाही. तू मला गोष्ट सांगितलीस तेव्हा तुमच्या गॅलरीत आपण शेंगा सोलत होतो. मी पटकन म्हणाले, "दगड ऐकतात तर झाडं का नाही ऐकत?"

"झाडं बडबडी असतात. त्यांना गुपित ठेवता येत नाही," तू म्हणालीस. मग माझ्याकडे बघून म्हणालीस, "तू दगड आहेस. म्हणून तुला काम देतेय."

मी किती हसले होते, ताई.

काम असं होतं की त्या मागच्या माणसांची सगळी वाक्यं मी लिहायची. तुला ती पुण्याच्या मराठीत नको होती आणि सिनेमातल्या खोट्या गावठी मराठीतही नको होती. तुला आमची हवी होती. शाळेत मी जी बोली तोंडातून चुकून निघू नये म्हणून गप्प बसायची, ती तुला पैसे देऊन हवी होती. तू मला वाक्य म्हणायला लावायचीस आणि डोळे मिटून ऐकायचीस. त्या काळात मी पहिल्यांदा माझ्या घरच्या बोलण्याकडे कान दिला.

मुंबईची नटी घेतली होती आवाजासाठी. तिला आमचा सूर कळावा म्हणून आधी कोणीतरी ती वाक्यं म्हणून ठेवायची असतात. नटी ते ऐकते, तसं म्हणते, आणि मग पहिला आवाज काढून टाकतात. तुम्ही त्याला गाइड ट्रॅक म्हणायचात. बरीच वाक्यं मीच म्हटली. पण संध्याकाळी मुलांना घरी बोलावायची हाक मला जमेना. मी कोणाला हाक मारलेलीच नव्हती. तू म्हणालीस, "मावशींना विचारू या."

तू आमच्या घरी आलीस तेव्हा आई ओट्यावर चिकू निवडत होती. तुझा रेकॉर्डर बघून तिने हात धुतले, जसा कोणी फोटोच काढणार आहे.

"ह्यो तुजा डबा माजं काय काय ऐकतं गो?"

"सगळं ऐकतो, मावशी. तुम्ही सासूला शिव्या घातल्या तरी ऐकतो."

"सासू मेली माजी. आता शिव्या कोनाला घालू? तुज्या मावसकाकाला घालत्ये रोज, त्या ऐकव तुज्या टीवीत."

"टीव्हीत तुमचा आवाज येणार नाही. हे फक्त नटीला शिकवायला. नंतर पुसून टाकणार."

"मंग बेस. माजा आवाज म्हंजी फाटलेला पत्रा."

तू म्हणालीस, मावशी, खरी हाक मारा, कोणालातरी खरंच बोलवत असल्यासारखी. आई उठली. वाडीकडे तोंड केलं आणि हाक मारली. "सुले... ए सुली, घरा ये गो." परत मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा तिचा आवाज मधेच चिरला आणि ती खाली बसली.

मी आईच्या तोंडून ते नाव तोवर एकदाच ऐकलं होतं. तुला तिने सांगितलं, कारण तू विचारलंस. सुली तिची धाकटी बहीण. आई स्वतः तेव्हा परकर-पोलक्यात होती. तिन्हीसांजेला आजीने तिला सांगितलं, सुलीला बोलावून आण. आई वाडीत जाऊन हाका मारत राहिली, सुली येईना, आई चिडली, म्हणाली आता मार खाशील. सुली विहिरीत होती. आईने ज्या हाका मारल्या त्या तिच्या कानावर पडल्या की नाही, हे आईला अजून कळलेलं नाही. "पयल्या हाकंला तरी जित्ती असंल काय गो ती?" असं तिने तुला विचारलं. तू तिच्या हातावर हात ठेवलास. डबा चालूच होता.

जाताना तू परत म्हणालीस, "मावशी, पुसून टाकते हं." मी कुंपणापाशी उभी होते. मी ऐकलं.

नटीचं रेकॉर्डिंग होतं त्या दिवशी तू मला सुट्टी दिलीस. कोळगावला जाऊन तुझा तो दाखला घेऊन टाक, कधीचा राहिलाय, असं म्हणालीस. मला किती बरं वाटलं होतं, हिला माझा दाखलासुद्धा लक्षात आहे. मी जिल्हा कार्यालयाच्या त्या नव्या कोऱ्या इमारतीत खुर्चीवर बसून होते आणि तिकडे तू ठरवत होतीस. नटीची हाक तुला पोकळ वाटली. तू आईची लावलीस. हे मला नंतर तूच सांगितलंस, आणि सांगताना तुझा चेहरा एखादा अवघड प्रश्न सुटल्यासारखा होता.

चौथा भाग लागला त्या शनिवारी आमच्या घरी शेजारच्या बायका आल्या होत्या. आईने चांगली साडी नेसली होती, मुलीचं काम टीव्हीवर येणार म्हणून. टीव्हीवर संध्याकाळ झाली, यंत्र चालू झालं, खरखर झाली. आणि हाक आली. सुले, ए सुली, घरा ये गो. पडद्यावरचा शास्त्रज्ञ कानावरचे हेडफोन काढून म्हणतो, "ही बाई मरून साठ वर्षं झाली असतील."

आमच्या घरात बायका आईकडे बघायला लागल्या. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगो, ह्यो तं तुजाच आवाज."

आई उठली आणि आत गेली. मी मागे गेले. ती गॅससमोर उभी होती, गॅस बंद होता. मला म्हणाली, "मला मारलंन गो तिनं." एवढंच. ती रडली नाही. आमच्याकडे जित्या माणसाला मेलेला म्हणत नाहीत, चेष्टेतही नाही. पण तिला लागलं ते हे नव्हतं. तिने जे इतकी वर्षं कोणाला ऐकू दिलं नव्हतं ते सगळ्यांच्या घरात वाजत होतं.

तुला वाटलं असेल तिथेच ते संपलं. संपलं नाही. ती हाक लोकांना आवडली. तिची रील झाली. कोणी आपल्या मांजराला बोलावतंय आणि वर आईचा आवाज, कोणी ऑफिसमधून उशिरा येणाऱ्या नवऱ्याला. बोईसरच्या बाजारात आई भाजी घेत असताना एका पोराच्या फोनची रिंग वाजली आणि ती सुलीच होती. तो आपल्या मित्राला सांगत होता, "अरे भाई, वो भूतवाली आंटी है, मस्त है ना?" आईला हिंदी चांगलं कळतं. तिने भाजी तिथेच ठेवली.

तेव्हापासून आई हाक मारत नाही. मला नाही, बाबांना नाही, अंगणातल्या कोंबड्यांनाही नाही. जेवण झालं की दारापर्यंत येते आणि हात हलवते. आम्ही बघितलं नाही तर बघेपर्यंत उभी राहते.

मी तुझ्याकडे आले. तुला आठवत असेल, तुमच्या घरी नाही, स्टेशनजवळच्या त्या टपरीवर, कारण मला काकांसमोर, तुझ्या बाबांसमोर, बोलायचं नव्हतं. मी घरून सगळं ठरवून आले होते. तू मला बोलू दिलंस आणि मी दोन वाक्यं बोलून थांबले.

"मला माहीत आहे," तू म्हणालीस. "पण तू ऐकलंस ना ते? खरं सांग. सगळ्या मालिकेत त्याच्यापेक्षा खरं काही आहे का?"

मी चहावरची साय बोटाने बाजूला केली.

"अंधेरीची नटी लावली असती तर कोणाला काही वाटलं असतं? कोणालाच नाही. तुझ्या आईमुळे लोकांना पहिल्यांदा वाटलं की तिथे माणसं होती. त्यासाठीच तर आपण हे केलं."

"तू पुसते म्हणाली होतीस."

"विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या गं."

तू हे अगदी सहज म्हणालीस. तुझी बाजू मांडताना म्हणालीस. तेच तर माझं म्हणणं होतं, ताई. नाही म्हणाली असती, हे तुला माहीत होतं, म्हणून तू विचारलं नाहीस. तुझ्या मालिकेतल्या शास्त्रज्ञांचा दोष तू दर शनिवारी सगळ्या महाराष्ट्राला दाखवत होतीस, की ते ऐकतात आणि कोणाला विचारत नाहीत. त्यांचं यंत्र तरी खोटं होतं.

हे मी तेव्हा म्हणाले नाही. तू म्हणालीस, "बोल ना." मी म्हणाले, "चहा निवतोय." तू हसलीस, मला वाटतं तुला वाटलं मी मानलं. निघताना म्हणालीस, रविवारी येते, मावशींशी मीच बोलते, पुढचं काय ते त्यांच्यासमोर ठरवू.

आईने त्या रविवारी घर सारवल्यासारखं स्वच्छ केलं. तू आली नाहीस. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी निरोप पाठवला, तू लिहिलंस, जरा कामात आहे. तू हॉस्पिटलात होतीस. कोणालाच सांगितलं नव्हतंस, मलाही नाही, जिच्यासमोर तू रोज दिवसभर बसायचीस. माझ्या घरचं सगळ्यात आतलं तू बाहेर काढून ठेवलंस आणि तुझं स्वतःचं शेवटपर्यंत दार लावून ठेवलंस. त्या पंधरा दिवसांत मी तुझ्यावर मनातल्या मनात किती ओरडले असेन. तुला सुया टोचत असतील तेव्हा. हे तू माझ्यावर काय लादून गेलीस?

शोकसभेच्या आदल्या दिवशी तुमच्या निर्मात्याचा फोन आला. मुंबईहून येतोय, तू दोन मिनिटं बोल, आणि आम्ही मेधा मॅमचा सर्वांत गाजलेला क्षण मोठ्या पडद्यावर दाखवणार आहोत. मी विचारलं, कुठला. मला उत्तर माहीत होतं. मी म्हणाले, तो बदलायचा होता. तो खूप मऊ आवाजात म्हणाला, "आता कसं बदलणार? आता त्यांच्या कामाला हात लावणं बरोबर दिसणार नाही ना."

म्हणजे रिक्षात मला जे वाटलं होतं ते तसंच झालं होतं. जिवंत होतीस तोवर तुझ्याशी भांडता येत होतं. मेलीस आणि तुझी चूक पवित्र झाली.

मी आईला म्हटलं, तू येऊ नकोस, ते तुझी हाक लावणार आहेत.

"येनार मी. माज्या घरात जेवलीय ती. जेवलेल्या मानसाच्या घरी जावं लागतं."

"आणि हाक?"

"ते तू बग. शिकलीस ना एवढी?"

आई कॉलनीत पहिल्यांदा आली. गेटवर तिने पदर नीट केला आणि पहारेकऱ्याला माझ्या आधी तिनेच सांगितलं, "मेधाच्या बापाकडं चाललोय." हॉल भरला होता. तुझा फोटो होता, मोगऱ्याचा हार जरा वाकडा बसला होता. आईला मी कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि निर्मात्याकडे गेले. पडद्यावर त्या दृश्याचं चित्र आधीच थांबवून ठेवलं होतं.

"हे लावू नका," मी म्हणाले.

"अगं, आपण बोललो ना काल. ही मॅमची आठवण आहे."

"ज्यांचा आवाज आहे त्या तिथे बसल्यात. जिवंत आहेत."

मला वाटतं मी जरा मोठ्याने बोलले, कारण पहिल्या रांगेतून काकांनी मान वळवली. ताई, तुझे बाबा इतके वाळलेत. ते उठून आले. "कोणाचा आवाज?"

"माझ्या आईचा, काका."

"ती मुंबईची नटी होती ना? मेधा मला म्हणाली, नटी आहे." त्यांनी निर्मात्याकडे पाहिलं. तो फोनमध्ये बघायला लागला.

तू त्यांनाही खोटं सांगितलं होतंस. का, ते मला कळलं. त्यांनी काय विचारलं असतं ते तुला ठाऊक होतं.

काका आईशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. आई उभी राहायला लागली, त्यांनी तिला बसवलं.

"वहिनी, हा आवाज तुमचा?"

"माजाच हाय."

"मेधानं विचारलं नव्हतं तुम्हाला?"

आईने तुझ्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोर चांगली व्हती तुमची. आली की सरळ चुलीपाशी यायची. बोंबलाचं कालवन दोन दोन डाव वाढून घ्यायची."

"बोंबील?" काका म्हणाले. "आमची मेधा?"

"हात चाटायची."

"आमच्या घरात अंडंसुद्धा आणत नाही हो." आणि ते हसले. मागच्या रांगेतल्या लोकांनी पाहिलं, मुलीच्या शोकसभेत बाप हसतोय. मग त्यांना ते आवरेना आणि हसण्याचं दुसरंच काहीतरी झालं. आई खाली बघत बसली, त्यांचं होईपर्यंत.

"लावू की नको, एवढं सांगा," ते शेवटी म्हणाले.

"नका लावू. माजी भन हाय ती."

काका उठले आणि निर्मात्याला म्हणाले, हे लावायचं नाही, आणि मालिकेतूनही काढायचं. तो म्हणाला, सर, मॅमचं सर्वांत चांगलं काम आहे ते, तुम्ही आज भावनेच्या भरात आहात. काका म्हणाले, "मी आयुष्यभर नमुने तपासले. चुकीच्या पद्धतीनं घेतलेला नमुना आम्ही टाकून द्यायचो. कितीही चांगला असला तरी." मग त्यांनी हळूच विचारलं, या बाईंची परवानगी लेखी आहे का तुमच्याकडे? नव्हती. निर्माता पडद्याकडे गेला आणि चित्र बंद केलं.

माझी दोन मिनिटं आली तेव्हा मी म्हणाले की तू मला कधी बोलायला लावलं नाहीस, आणि खाली उतरले. लोकांना वाटलं मला पुढे बोलवेना. मला पुढचं तिथे बोलायचं नव्हतं.

बाहेर चपला घालताना काकांनी माझ्यासमोर हात जोडले. म्हणाले, तिच्या वतीनं. आईने पटकन त्यांचे हात धरून खाली केले, असं करू नका, तुमी मोठे. मला काहीच करता आलं नाही. ती माफी मला घेता आली नाही, ताई. ती त्यांची नव्हती.

काल हाक नव्याने रेकॉर्ड करायला मुंबईला स्टुडिओत जाऊन आले. नवीन नटी होती, चांगली मुलगी आहे, तिने आधी विचारलं, कुठल्या गावची बाई, काय वय, कोणाला बोलावतेय. सुलीचं नाव आम्ही काढलं. आता ती कोणा शकूला बोलावते. आमच्या गावात शकू नाही, मी चौकशी केली. मीच तिला हाक शिकवली. शब्द कुठे ओढायचा, 'गो' किती हलका सोडायचा. सात-आठदा घेतल्यावर सगळे म्हणाले छान झालं, आणि मीही छान म्हणाले. पुढच्या महिन्यात चौथा भाग परत दाखवतील तेव्हा हीच हाक असेल. लोकांच्या फोनमधलं मात्र कोणाला काढता येणार नाही. स्टुडिओतून परत येताना पालघर स्टेशनवर कोणाच्या तरी फोनवर आईची हाक परत ऐकली. आई अजून दारात उभी राहून हात हलवते.

आणि एक गोष्ट टपरीवर तू मला विचारली होतीस, तिचं उत्तर द्यायचं आहे. हो. त्याच्यापेक्षा खरं त्या मालिकेत काही नव्हतं. नवीन हाक बरोबर आहे, सुरात आहे, आणि जिथे चिरायला हवी तिथे ती चिरत नाही. नटीने प्रयत्न केला, मी तिला सांगितलं, नको, साधीच राहू दे. मालिका त्या जागी पडली आहे. लोकांना कळणार नाही. तुला पहिल्या क्षणी कळलं असतं, तू काचेपलीकडून माझ्याकडे बघितलं असतंस, बघ काय घालवलंस म्हणून. आणि मी मान खाली घातली नसती. मी म्हणाले असते, हो ताई, कळतंय मला. राहू दे असंच.